नितेशच्या व्हिडिओतली तडतड

आमच्या घरात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. उजाडायच्या आत बाबा ओटीवर घसा साफ करायचे, मग भिंतीपलीकडून बाळूकाका घसा साफ करायचा, जणू दोघा भावांनी त्यावर पैज लावली होती. खुराड्यातल्या कोंबड्या, खर्डी स्टेशनात थांबलेल्या मालगाडीचा भोंगा, नितेशच्या मोबाइलचा अलार्म, जो त्याला सोडून सगळ्यांना उठवायचा. एवढ्या गलक्यात माझा आवाज नसायचा, आणि तो नाही हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. मी लाजाळू. पाहुणे आले की आत जाऊन तांदूळ निवडत बसायचे. आमच्या घरचा तांदूळ त्यामुळे फार स्वच्छ असायचा.

शाळा मी चौथीपर्यंत शिकले. गावात शाळा तेवढीच. पाचवीला खर्डीला जावं लागायचं आणि मधे ओहोळ होता. ओहोळाला पाणी आलं की मुलींना पाठवायचे नाहीत. मुलगे त्याच ओहोळातून जायचे, त्यांच्यासाठी पाणी वेगळं वाहत असावं. माझा थोरला भाऊ नितेश असा ओहोळ ओलांडत ओलांडत बारावी पास झाला आणि मग घरी बसला. बसला म्हणजे खरोखर बसला. बाबांनी भिवंडीच्या एका गोदामात त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. नितेश म्हणायचा, थोडं थांबा. कशासाठी थांबायचं, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. मग कंप्युटर आला आणि थांबायला कारण मिळालं.

कंप्युटर सुरेशमामाने आणला, आईच्या धाकट्या भावाने. तो कल्याणला एका ऑफिसात शिपाई होता. ऑफिसने जुने कंप्युटर काढून टाकले, त्यातला एक त्याने भाच्याच्या अभ्यासासाठी दिला. भाच्याचा अभ्यास संपून वर्ष झालं होतं, पण मामाला ते सांगायची कोणाची छाती झाली नाही. माजघरातली भाताची कणगी सरकवून तिच्या जागी टेबल आलं. बाबा येता-जाता एकदा कणगीकडे बघायचे, एकदा कंप्युटरकडे. कणगीतून निदान भात तरी निघायचा.

नितेशने त्यात ट्रक चालवायचा खेळ घातला. परदेशातले रस्ते, दोन्ही बाजूंना बर्फ, हा मोठा ट्रक, एका शहरात माल भरायचा आणि दुसऱ्या शहरात नेऊन उतरवायचा. तो खेळ खेळताना पडद्यावर जे दिसतं ते रेकॉर्ड करायचं, त्यावर आपण बोलायचं आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा, की लोक बघतात. लोक वाढले की घरी बसून पोट भरतं. असं नितेशने बाबांना समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे दुसऱ्याचा पोरगा खेळतो ता बघाला लोका बसतात?” नितेश म्हणाला, “हो.” बाबा म्हणाले, “त्यांना पन घरी कामा नसतील,” आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

नितेशला बोलायला चांगलं यायचं, म्हणजे खूप यायचं. अडचण ट्रकची होती. पहिल्याच वळणाला त्याचा ट्रक मागच्या डब्यासकट आडवा व्हायचा. दुपारी तो जेवून झोपला की मी हळूच खुर्चीवर बसायला लागले. आम्ही गवताच्या पेंढ्यांची बैलगाडी बांधावरून वळवायचो, तेव्हा भरलेली गाडी असेल तर बैल आधी उलट्या बाजूला न्यावे लागतात, मग वळण मोठं मिळतं. ट्रकचंही तेच. बर्फ मी कधी पाहिला नव्हता, पण चिखल भरपूर पाहिला होता, आणि घसरायच्या बाबतीत दोघांत फार फरक नाही. शहापूरच्या पुढे आयुष्यात एकदाच, मामाच्या लग्नाला गेलेली मी, रोज दुपारी दोन देश ओलांडून यायचे आणि मग उठून भांडी घासायचे.

आठवडाभराने नितेशने पाहिलं, आपला ट्रक आपण झोपलो असताना कुठच्या कुठे पोचतोय.

“कोनी चालवला?”

“मी.”

“एकदा पन ठोकला नाय?”

मी मान हलवली. मग घरात जे व्हायचं तेच झालं. काम माझ्याकडे आलं आणि बोलणं त्याच्याकडे. संध्याकाळी माझ्या भाकऱ्या झाल्या की मी ट्रक चालवायचे आणि तो शेजारी माइक धरून सांगायचा, “तर मित्रांनो, हे वळण बघा मी कसं काढतो.” मी वळण काढायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता सासरी धसईला ही हकीकत नवऱ्याला सांगितली तर तो म्हणाला, तू काहीच कशी बोलली नाहीस. त्याला वाटतं मी त्याच्याशीच कमी बोलते.

गौरी-गणपतीपर्यंत बरं चाललं होतं. बघणारे थोडे होते, पण होते. गणपती गेले आणि व्हिडिओत तडतड सुरू झाली. एंजिनाचा आवाज चालू आहे, नितेश बोलतोय, आणि मधेच तट. थोडं थांबून तट. पुन्हा तट. व्हिडिओखाली लोक लिहायला लागले. “भाऊ, पापड तळतोयस का?” “भाऊ, आधी लाह्या भाजून घे मग ट्रक चालव.” आणि बरेचसे काही न लिहिताच निघून जायला लागले, हे नितेशला जास्त लागलं.

बाबांना हवं ते मिळालं. जेवताना, वालाच्या बिरड्यात भाकरी बुडवता बुडवता ते म्हणाले, “दिवाळीपोत ती तडतड घालव. लोका थांबली तर आमी काय बोलनार नाय. नाय थांबली तर भाऊबिजेला सुरेश टेम्पो घेऊन येल, त्याच्यात घालून देऊ. त्याच्या पोरांना तरी उपेगी पडंल. आन तू भिवंडीला.”

नितेशच्या हातातला घास तिथेच राहिला. माझाही राहिला, पण मी चुलीकडे तोंड करून बसले होते. नितेशला भिवंडी तरी होती. माझा ट्रक मामाच्या टेम्पोत चढला की मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

मग नितेशने दुरुस्ती सुरू केली. दुरुस्ती म्हणजे त्याने इंटरनेटवर दुसऱ्यांचे व्हिडिओ बघितले, त्यांचा आवाज मात्र छान स्वच्छ होता. आवाजाच्या सेटिंगमधला चव्वेचाळीस हजार काहीतरी हा आकडा त्याने अठ्ठेचाळीस हजार केला. तडतड तशीच. बफर म्हणून काहीतरी असतं, ते वाढवलं, तर त्याचा आवाज चित्राच्या मागून यायला लागला. मी वळण काढून पुढच्या गावी पोचायचे तेव्हा तो म्हणायचा, “आता वळण येतंय.” बफर परत कमी केलं. मग म्हणाला, ड्रायव्हर जुना झालाय, नवा टाकावा लागेल. मी दचकून त्याच्याकडे बघितलं. तो कंप्युटरच्या आतल्या कुठल्या ड्रायव्हरबद्दल बोलत होता. मग नवा माइक आला. माइकला बाबांचा पायमोजा चढवला. पंखा बंद केला. खुराडं मागच्या दारी हलवलं, त्यात एक कोंबडी अंडी द्यायची थांबली. शेवटी नितेश डोक्यावरून गोधडी घेऊन बोलायला लागला. भाद्रपदातल्या उकाड्यात गोधडीतून आवाज यायचा, “मित्रांनो, वातावरण एकदम थंडगार आहे,” आणि पाठोपाठ तट.

एक दिवस त्याने कंप्युटर त्याच गोधडीत गुंडाळला आणि रिक्षातून शहापूरच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो लावला, रेकॉर्ड करून बघितलं, आवाज आरशासारखा स्वच्छ. तडतडीचा मागमूस नाही. दुकानदार म्हणाला, “मशीन ओके हाय. तुमच्या घरातच कायतरी हाय.”

घरी येऊन नितेशने हे जसंच्या तसं सांगितलं, ही त्याची चूक झाली. आईने ‘घरातच काहीतरी आहे’ एवढंच धरलं. तिने मीठ-मोहरी मुठीत घेऊन कंप्युटरवरून उतरवली, मग माइकवरून, मग नितेशवरून, आणि चुलीत टाकली. मोहरी तडतडली. आई म्हणाली, “बघ, किती नजर हुती ती.” मोहरी निखाऱ्यावर टाकल्यावर दुसरं काय करणार, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी तडतड होतीच. आईने नजर मोठी आहे म्हणून मोहरी वाढवली.

त्याच दिवसांत आईची एक तक्रार चालू होती. मोरीत भांडी घासताना नळाला हात लावला की हात झिणझिणतो म्हणायची. बाबा म्हणाले वात असेल. काका म्हणाला वातच. नितेश वर न बघता म्हणाला, “आये, बाम लाव.” व्हिडिओच्या तडतडीला नवा माइक आणि शहापूरची वारी झाली, आईच्या हाताला बामची अर्धी बाटली मिळाली. ती बिचारी रोज संध्याकाळी बाम चोळायची आणि परत मोरीत बसायची. मी सकाळची भांडी घासायचे तेव्हा मला काही व्हायचं नाही. म्हणून मीही म्हटलं, वयाचं असेल. आई तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

एका संध्याकाळी नितेश व्हिडिओ सुरू करायच्या आधी पाणी प्यायला गेला होता. मी कानाला हेडफोन लावून बसले होते, त्यात माइकचा आवाज यायचा. तट. तट. माझ्या समोर मोरीचं दार उघडं. आईने टोप विसळायला नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावला आणि हात झटकन मागे घेतला. कानात तट. तिने पदराने हात पुसला, परत लावला, परत मागे. कानात तट. मी हेडफोन तसाच ठेवून मान वळवली. पडवीच्या खांबाला काकाचं झटक्याचं मशीन टांगलेलं होतं. त्याचा हिरवा दिवा उघडझाप करत होता. दिवा लागला की तट. दिवा लागला की आईचा हात मागे.

झटक्याचं मशीन आमच्याकडे आता घरोघर आहे. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं शिरतात, खातात थोडं आणि लोळून पाडतात जास्त. म्हणून शेताभोवती तार ओढायची आणि मशीन तिच्यात थांबून थांबून झटका सोडतं. डुक्कर मरत नाही, अपमान होऊन निघून जातं. काकाने ते त्याच वर्षी गणपती गेल्यावर बसवलं होतं, दिवेलागणीला चालू करायचा आणि सकाळी बंद. त्या मशीनला जमिनीत खोल तीन लोखंडी कांबी ठोकून त्यांची वेगळी अर्थिंग द्यावी लागते, घरापासून लांब. पण आमची जमीन खाली मुरमाड, खणायचं म्हणजे कंबर जाते. आणि घराच्या अर्थिंगची कांब मोरीमागे, सांडपाण्यात, बारा महिने ओली, आयती तयार. काकाने मशीनची तार आणून तिलाच गुंडाळली. घराची तर घराची, जमीन एकच आहे की, असा त्याचा हिशेब. त्याच कांबेला मोरीचा पाइप टेकला होता, आणि कंप्युटरच्या तीन पिनांतली तिसरी पीनही नितेशने तिथेच जोडली होती. काका डुकरांसाठी जे सोडायचा, त्यातलं थोडं थोडं आम्ही घरात वाटून घेत होतो.

नितेश आला तेव्हा मी त्याला दिवा दाखवला, हेडफोन दिला आणि आईकडे बोट केलं. त्याला समजायला वेळ लागला, कारण त्यात सेटिंग कुठेच नव्हतं. मग तो उठला आणि पडवीत जाऊन मशीनचं बटण बंद केलं. हेडफोन एकदम शांत. त्याने चालू केलं. तट. बंद केलं. शांत. त्याला इतका आनंद झाला की तो ते करतच राहिला, आणि तेवढ्यात काका दारात आला.

“कोनी बंद केला मशीन? डुकरा काय तुमचे पावने हायत?”

“काका, ह्याच्यामुलं माझ्या व्हिडिओत तडतड येते.”

“मंग व्हिडिओ बंद कर. भात खायाचा का व्हिडिओ?”

बाबा बाहेर आले. आई ओले हात घेऊन बाहेर आली. नितेशने अर्थिंगचं सांगायला सुरुवात केली, पण मधे मधे मित्रांनो म्हणायची सवय लागल्याने ते कोणाला पटेना. काका म्हणाला, “अर्थिंग ओल्या जागेलाच लागते. बांधावर ठोकली तर दिवालीपोत जमीन सुकंल, झटका बसंल का गुदगुल्या व्हतील? डुकरा हासतील आमाला.” काकाचं यातलं बरंचसं खरं होतं. बाबा मान हलवायला लागले. बाबांनी मान हलवली की आमच्याकडे विषय संपायचा, आणि आज विषय संपला म्हणजे भाऊबीज आली.

“विहिरीपाशी,” मी म्हणाले.

सगळे इकडे तिकडे बघायला लागले, कोण बोललं म्हणून.

“तिथं वरीसभर ओल असते,” मी म्हणाले. “आन आईला बाम नको. मोरीत झटका येतो तिला.”

काकाने माझ्याकडे, मग वहिनीच्या हातांकडे बघितलं. आपण रोज संध्याकाळी वहिनीला झटका देत होतो, हे त्याला कोणी असं समोर म्हणेल अशी त्याची अपेक्षा नसावी. थोडा वेळ तो मशीनचीच तपासणी करत राहिला. मग म्हणाला, “इहिरीपाशी काळवत्री दगूड हाय. खननार कोन?”

“मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन मी शेतातल्या विहिरीपाशी गेले. नितेश मोबाइल घेऊन आला, खड्डा कसा खणायचा याचा व्हिडिओ बघायला. दुपारपर्यंत माझ्या हाताला फोड आले आणि त्याचं नेट संपलं, मग तोही लागला. शेवटच्या कांबेचा खड्डा होत आला तेव्हा काका आला. त्याने घण घेतला, तिन्ही कांबी खाली घातल्या, तार ओढली आणि मशीन चालू करून म्हणाला, “नितेश, तार धर.”

“काका, गवताची काडी लावून बघतात.”

“काडीला काय कलनार? धर.”

नितेशने धरली आणि बांधावर बसला. काका खूश झाला. “चालतंय,” म्हणाला.

आईच्या हाताची झिणझिण त्या संध्याकाळपासून थांबली. सगळं बोलणं तिच्यासमोर झालं होतं, तरी आजही ती सांगते की बाम फार गुणाचा निघाला.

व्हिडिओतली तडतड गेली. आवाज असा स्वच्छ आला की एंजिनाची घरघर, ओल्या रस्त्यावरची चाकं, काच पुसणारा वायपर, सगळं वेगळं वेगळं ऐकू यायला लागलं. नितेशने मोठ्या हौशीने दीड तासाची फेरी टाकली आणि रात्रभर लोकांची वाट बघितली. लोकांनी लिहिलं, “आवाज क्लिअर झाला भाऊ, अभिनंदन. आता जरा कमी बोल.” दुसऱ्याने लिहिलं, “चालवतो मस्त, पण गप्प बसून चालव ना.” तिसऱ्याने नुसते हात जोडले होते. एवढे दिवस तडतडीमुळे नितेश काय बोलतो ते कोणाला नीट ऐकू येत नव्हतं. त्या तडतडीने त्याच्यावर किती उपकार केले होते, ते आम्हाला तेव्हा कळलं.

तो रुसला. पुढच्या व्हिडिओला माइक बंद करून हाताची घडी घालून शेजारी बसला, मला बघायचंय कोण बघतं ते म्हणून. लोकांनी बघितलं. शेवटपर्यंत थांबले. एका बाईने लिहिलं होतं की तिचं पोर हा आवाज लावला की झोपतं. नितेशने ते मला तीनदा वाचून दाखवलं, पहिल्यांदा रागाने आणि तिसऱ्यांदा जरा कमी रागाने. त्यानंतर आमचे व्हिडिओ बिनबोलाचे झाले. मला त्यात काही बदल करावा लागला नाही.

भाऊबिजेला मामा टेम्पो घेऊन आला. अंगणातच उभा केला, मागचं फळकं खाली सोडलेलं. आईने ओवाळलं, घारगे वाढले, मामा पोरांचं सांगत होता, की ती कंप्युटर कंप्युटर करून जीव खातात. नितेश बाबांना म्हणाला, एकदा बसून बघा तरी. बाबांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि माझ्यामागे पाटावर येऊन बसले. एरवी मी उठून तांदूळ निवडायला गेले असते. पण ट्रकमध्ये माल भरलेला होता आणि पोचवायचा होता, म्हणून मी गाडी काढली.

बाबा लग्नाआधी दोन वर्षं मुरबाडला एका ट्रकवर क्लीनर होते. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. घाट आला, मी गिअर खाली घेतला, मागून “हां” असं आलं. पुढे एका अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर मागून आलं, “येऊ दे त्याला, येऊ दे.” मामाने दोनदा घड्याळ बघितलं. नितेश काही समजावून सांगायला लागला तर बाबांनी त्याला हाताने थांबवलं. माल उतरवून मी गाडी परत आणली आणि कंपनीच्या आवारात मागे घेऊन एका झोकात लावली.

बाबा पाटावरून जरा पुढे सरकले. मग मला म्हणाले, “येताना रिकामी आनली काय?”

“नाय,” मी म्हणाले. “लाकूड भरून आनला.”

बाबा उठले, टॉवेल परत झटकला, दारातून अंगणातल्या टेम्पोकडे बघितलं.

“सुरेश,” ते म्हणाले, “टेम्पो रिकामा नको नेऊस. नव्या भाताची दोन पोती टाकतो.”

मामा कंप्युटरकडे बघत होता. बाबा तोवर पोत्याला हात घालून मोकळे झाले होते, तेव्हा त्याला दुसरं टोक धरावंच लागलं. नितेश टेम्पोचं फळकं धरायला धावला. मी पुढची फेरी बघितली. सिमेंट होतं, डोंगरापलीकडच्या गावी. मी भरून घेतलं.